दोन पूर्णा

"श्वास घेऊ नको," देवानंददादा म्हणाले.

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "म्हणजे?"

"म्हणजे घे, पण मले ऐकू येईल असा घेऊ नको. आत्ता तू प्रश्न वाचला, मी उत्तर दिलं, अन् तू हुश्श केलं. म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं. आता हे मले तुझ्याकडून काऊन समजलं पाहिजे?"

"सॉरी दादा."

"सॉरी नको म्हणू. पुढचा वाच. अन् पूर्णविराम खाऊ नको. तू वाचतेस तर वाटते, मागं म्हैस लागली."

शिक्षणशास्त्र विभागाच्या ग्रंथालयात दुपारी आमच्या दोघांशिवाय फारसं कुणी नसायचं. विद्यापीठाच्या पार मागच्या टोकाला तो विभाग होता. बी.एड.ची मुलं सकाळचे तास संपवून सराव पाठांना शाळांमध्ये जायची. देवानंद तायडे मात्र दुपारी थांबायचे, कारण त्यांना पुस्तक वाचून दाखवायला मी यायचे. मी तेव्हा शहरातल्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विभागातल्या काळमेघ मॅडम आमच्याच गल्लीत राहायच्या. एका संध्याकाळी त्या फाटकाशी थांबून आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमची रेवती मला द्या दोन महिने. माझा एक विद्यार्थी आहे, त्याला दिसत नाही. शिक्षक पात्रता परीक्षेला त्याला लेखनिक पाहिजे. लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी लागतं, म्हणून माझ्या वर्गातलं कुणी चालत नाही." आईला वाटलं, पुण्याचं काम आहे. मला वाटलं, दुपारी घरात भांडी घासण्यापेक्षा बरं.

पहिल्या दिवशी मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीकडे न्यायला गेले, तर त्यांनी हात सोडवून घेतला. "खुर्ची कुठं आहे ते मले माहीत आहे. तू तुझी पाह्य." तिशी ओलांडलेले, काळेसावळे, ताठ. शर्टाची इस्त्री अशी कडक की हातोपे कागदासारखे वाजायचे. लहानपणी गोवरात त्यांची दृष्टी गेली होती. त्याआधीचं त्यांना सगळं आठवायचं. दर्यापूरच्या पलीकडे पूर्णेच्या काठावर त्यांचं गाव होतं. गढूळ पाणी, काठावरची बाभळ, पलीकडच्या तीरावर धुणं वाळत घातलेलं, हे सगळं ते असं सांगायचे की मला वाटायचं, डोळे असून मीच ते पाहिलं नाही.

गावात एका संस्थेची शाळा होती. बी.एड.ला येण्याआधी दोन वर्षं ते तिथं नुसतेच शिकवत होते. नेमणूक नाही, काही नाही; मुलांना आवडायचे म्हणून मुख्याध्यापक बोलवायचे. आता तिथं समाजशास्त्राच्या, म्हणजे इतिहास-भूगोलाच्या, शिक्षकाची जागा निघाली होती, आणि ती अपंगांसाठी राखीव होती. मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं, "तायडे, जूनच्या आत पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र आणा. जागा तुमचीच आहे." त्या वर्षांत शिक्षकांची भरती जवळजवळ बंदच होती. अशी जागा पुन्हा निघेल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं.

"आधीच्या लेखनिकाची गोष्ट सांगू का तुले?" एकदा त्यांनी विचारलं. "बी.ए.ला एक पोट्टा होता. चांगला होता बिचारा. पण माझं उत्तर चुकलं की तो खाकरे. मी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्या पेपराले मी केंद्रावर सांगून टाकलं, हा नको, दुसरा द्या. तो रडला. म्हणे, दादा, मी तर तुमच्या भल्यासाठीच करत होतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तू खाकरून मले पास केलं, तर उद्या वर्गात माझ्या बाजूले उभा राहून खाकरशील का रोज?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"मी विनोद नाही करून राहिलो, रेवती. लोक माझा हात धरतात, जिना आला की ओरडतात, पैसे मोजून देतात. ते ठीक आहे. पण जे माझ्या डोक्यात आहे, ते माझं आहे. त्याले कोणी हात लावायचा नाही."

दोन महिन्यांत मी खूप शिकले. सगळे पर्याय एकाच सुरात वाचायचे. बरोबर वाटणाऱ्या पर्यायावर आवाज जरासुद्धा चढू द्यायचा नाही. ते 'दोन' म्हणाले की दोनचं वर्तुळ काळं करायचं, मनातल्या मनात दुसरं काही आलं तरी. सुरुवातीला मला हे कठीण गेलं. मग हळूहळू असं झालं की मी वाचायचे, पण प्रश्नाचा अर्थ माझ्यापर्यंत पोचायचाच नाही. दादा त्यावर खूश झाले. "आता तू पक्की लेखनिक झाली," म्हणाले.

परीक्षा डिसेंबरात होती, रविवारी. सकाळी मी घरातून निघाले आणि शेजारच्या काकू नेमक्या तेव्हाच शिंकल्या. आईनं मला परत आत बोलावलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि मगच जाऊ दिलं. "तू शिंकू नको बाई तिथं," ती म्हणाली. "त्या माणसाचं आयुष्य आहे त्या पेपरात." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दुसऱ्या कुणाच्या आयुष्याची गोष्ट असली की मन भित्रं होतं.

केंद्र एका जुन्या शाळेत होतं. आम्हाला तळमजल्यावरची वेगळी खोली दिली होती, कारण मला प्रश्न मोठ्यानं वाचावे लागणार होते. खोलीत चित्रकलेचं सामान, गुंडाळून ठेवलेले नकाशे आणि फळ्याखाली खडूच्या भुकटीचा थर होता. पर्यवेक्षक एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आमची ओळखपत्रं पाहिली, "सावकाश करा, तुम्हाला जास्तीचा वेळ आहे," म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

मी वाचत गेले, दादा आकडे सांगत गेले. बालमानसशास्त्र त्यांनी झपाट्यानं उरकलं. मराठीला ते मजेत होते. इंग्रजीला कपाळावर घाम आला, डिसेंबरात. समाजशास्त्र आलं तेव्हा त्यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि हातोपे सारखे केले. ते त्यांचं घर होतं. तिथं ते चारही पर्याय वाचून व्हायच्या आधीच उत्तर सांगायला लागले. एकदाच फक्त ते "तीन" म्हणाले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही, थांब. एक. एक कर." मी एकचं वर्तुळ काळं केलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

बाहेर आलो तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. फाटकासमोरच्या गाडीवर त्यांनी मला आलूबोंडा खाऊ घातला.

"इंग्रजीनं मारलं थोडं," ते म्हणाले, "पण समाजशास्त्रानं भरून काढलं असंल. मॅडमले सांग, पोट्टी चांगली आहे. दगडासारखी बसली होती."

निकाल लागला तो मार्च संपता संपता. काळमेघ मॅडमनी सगळ्यांना संगणकाच्या खोलीत बोलावलं होतं. मीही गेले. एकेकाचा क्रमांक टाकायचा, पडद्यावर पान उघडेपर्यंत सगळ्यांनी वाट पाहायची. बहुतेकजण नापासच होत होते. त्या परीक्षेचा निकालच तसा लागायचा. कुणी पास झालं की टाळ्या पडायच्या आणि मॅडम खडूनं त्याचं नाव दाराजवळच्या फळ्यावर लिहायच्या. दादा भिंतीला टेकून उभे होते. नवा शर्ट घातला होता.

"तायडे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः क्रमांक टाकला.

पान उघडलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सांगा नं मॅडम," दादा म्हणाले.

"ब्याऐंशी."

पास व्हायला त्यांना दीडशेपैकी त्र्याऐंशी हवे होते. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

"एकच?" दादा म्हणाले. मग हसून म्हणाले, "बरं झालं, वीस-पंचवीसनं नाही गेलो. एक म्हणजे काय, एक गोल. पुढच्या वर्षी भरून टाकू."

मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहत होते.

चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. "रेवती, अंतिम उत्तरसूची लागली आहे म्हणतात. उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी माझ्याजवळ आहे. तू येऊन वाचून देशील का? मले फक्त पाहायचं आहे, कुठं गेलं ते."

"कशाला दादा? आता काय उपयोग?"

"पुढच्या वेळी काय पक्कं करायचं, ते समजेल नं."

आम्ही विभागाच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो. कडुनिंबाला फुलोरा आला होता, आणि तो सारखा आमच्या अंगावर गळत होता. मी सूची मांडीवर घेतली, त्यावर कार्बन कॉपी ठेवली आणि एकेक ताडून पाहत गेले.

"फक्त चुकलेले सांग."

मी सांगत गेले. प्रत्येकाला त्यांच्याकडे काही ना काही उत्तर होतं. "हां, ते नव्हतंच येत." "हे मी फेकलं होतं." "इंग्रजी सोडून दे वं, त्याचं काय वाचून राहिली." ते खरोखर मजेत होते. मलाही हलकं वाटत होतं. समाजशास्त्रात चुका अगदी थोड्या होत्या. मग मी म्हणाले, "इथं तुमचं एक आहे. सूचीत तीन."

"कोणता प्रश्न?"

मी प्रश्नपत्रिका उघडून वाचला. पूर्णविराम न खाता, एकाच सुरात, सवयीनं. "अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून जालना व परभणी जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा नदी कोणत्या नदीला मिळते? एक, तापी. दोन, भीमा. तीन, गोदावरी. चार, वैनगंगा."

त्यांची पाठ ताठ झाली.

"दादा?"

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला.

"मी पहिले तीन म्हणलं होतं," ते म्हणाले.

"हो. मग तुम्ही बदललं."

"माझा शेवटचा सराव पाठ याच्यावरच होता. मॅडमनी विभागात सगळ्यात जास्त गुण दिले त्याले. दोन पोरी उभ्या केल्या होत्या मी वर्गात. एकीले म्हटलं, तू आपली पूर्णा, सातपुड्यातून निघ, वऱ्हाडातून चाल, तापीले भेट. दुसरीले म्हटलं, तू मराठवाड्याची पूर्णा, अजिंठ्यातून निघ, गोदावरीले भेट. एक पोट्टा उठून विचारते, सर, मंग ह्या दोघी भेटल्या का कधी? म्हटलं, नाही रे. एकीनं पश्चिमेचा समुद्र धरला, एकीनं पूर्वेचा." त्यांनी दोन्ही हात दोन दिशांना केले आणि मग ते मांडीवर ठेवले. "अख्ख्या पेपरात हा एक प्रश्न होता, जो मी झोपेत सांगितला असता."

"मग बदललं का?"

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. "तू काऊन थांबली होतीस?"

"कधी?"

"मी तीन म्हणलं, तेव्हा. दर वेळी मी आकडा सांगे अन् लगेच पेन घासल्याचा आवाज येई. तेव्हा नाही आला. तुझा श्वासही थांबला. मी ऐकून राहिलो होतो. काहीच नाही."

मी आठवून पाहिलं. आधी काहीच आठवेना. मग ती खोली आठवली, फळ्याखालची खडूची भुकटी, नाकात झालेली हुळहुळ. तोंड घट्ट मिटून, हात नाकावर दाबून मी तशीच बसले होते, ते आठवलं.

"शिंक आली होती, दादा," मी म्हणाले.

"काय?"

"शिंक. खडूच्या धुळीनं. आई म्हणाली होती शिंकू नको, म्हणून मी दाबून धरली. प्रश्न काय होता, ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं."

त्यांनी ते ऐकलं. मग ते हसायला लागले. आधी थोडंसं, मग पोट धरून. मलाही हसू यायला लागलं. मला वाटलं, चला, एवढ्यावर निभावलं. पण मी थांबले तरी ते हसतच होते, आणि मग त्या हसण्यात आवाजच राहिला नाही. खांदे नुसते हलत होते. मी त्यांच्या हाताला हात लावला, तेव्हा ते शांत झाले.

"मले वाटलं, तुले काही दिसलं," ते म्हणाले. "म्हटलं, डोळे असलेलं माणूस थांबलं, म्हणजे कागदावर काही असंल. मी प्रश्न नीट ऐकला नसंल. आपलीच पूर्णा विचारली असंल. एवढं सगळं एका घडीत वाटून गेलं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्या पोट्ट्याले मी खाकरते म्हणून हाकललं होतं. अन् तुझ्या शिंकेवर मी नदी वळवली."

मी म्हणाले, "दादा, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? तू तर शिंकसुद्धा धरून ठेवली." ते उठले, पँटवरचा फुलोरा झटकला, कार्बन कॉपीसाठी हात पुढे केला. मी ती दिली. त्यांनी तिची नीट चौघडी केली, खिशात ठेवली आणि काठी टेकत बसथांब्याकडे गेले. मी सोबत येऊ का, असं विचारलं. नको म्हणाले.

जूनमध्ये शाळेनं ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. मॅडमच्या मनाला ते लागलं होतं, पण त्या खचणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या परीक्षेची जाहिरात आली तशी त्या मला म्हणाल्या, "रेवती, चल, आपण तायडेंच्या गावी जाऊ. फोन उचलत नाही तो."

बस फाट्यावर सोडून गेली. तिथून चालत गाव. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. दादांच्या बायकोनं, नंदावहिनींनी, पाहुण्यांसाठी वेगळं राखलेलं गोडं पाणी काढून चहा ठेवला. दादा ओसरीवर बसले होते. अंगात बनियन होतं. इस्त्रीच्या शर्टाशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी मुद्द्यालाच हात घातला. "अर्ज भरायची मुदत जवळ आली आहे. मी भरते. तू फक्त ये आणि बस."

"नको मॅडम."

"एका गुणानं कुणी हरत नसतं, देवानंद."

"गुणाचं नाही मॅडम." ते बराच वेळ बोटांनी खाटेची सुतळी चाचपत राहिले. "मागच्या महिन्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. म्हणे, नवे सर रजेवर आहेत, एक तास घ्या. मी गेलो. नद्याच चालू होत्या. मी म्हणलं, आपली पूर्णा सातपुड्यातून निघते. अन् वर्ग गप झाला. पहिले पोरं गप झाली की मले बरं वाटे, ऐकून राहिले म्हणून. त्या दिवशी वाटलं, मी चुकलो. मी म्हणलं, नाही, अजिंठ्यातून निघते. मंग वाटलं, तेही चुकलं. पुन्हा सातपुडा म्हणलं." त्यांनी सुतळीचं एक टोक ओढलं. "एक पोरगी उठली. म्हणाली, सर, तुमचं पहिलेच बरोबर होतं."

नंदावहिनी दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"डोळ्यानं दिसत नाही, त्याचं मले कधी काही वाटलं नाही," दादा म्हणाले. "डोक्यातलं दिसे नं. ते मी कोणाले विचारत नव्हतो. आता वर्गात कोणी जरा थांबलं, की मी विचारत सुटतो. असा मास्तर पोरांनी काय करावा, मॅडम?"

मला रडू येत होतं. मी म्हणाले, "दादा, मी तेव्हा शिंकायला पाहिजे होतं."

"तू तेव्हा खोटं बोलायले पाहिजे होतं," ते म्हणाले. रागानं नाही, एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं. "पायरीवर मी विचारलं तेव्हा. म्हणायचं, दादा, मले तुमचं उत्तर चुकीचं वाटलं म्हणून थांबली. मी तुले दोन शिव्या हासडल्या असत्या, अन् दुसरा लेखनिक पाहिला असता. पण तुले कसं समजावं? तुले तर मीच शिकवलं होतं, जे आहे तेच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही म्हणून."

चहा पिऊन आम्ही निघालो. फाट्यावर बस आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "त्याच्या पाठाला मी वर्गात मागे बसले होते. मलाही दोन पूर्णा आहेत हे त्याच्याकडूनच पहिल्यांदा कळलं."

पुढे माझं शिक्षण झालं, बी.एड. झालं. पात्रता परीक्षा मी दुसऱ्या वेळी पास झाले. ओळख करून देताना लोक 'मास्तरीणबाई' म्हणतात तेव्हा मला दर वेळी पायरीवरची ती दुपार आठवते. एका खोट्या वाक्यानं ते माझ्यावर चिडले असते, आणि स्वतःवर त्यांचा विश्वास राहिला असता. मी एकोणीस वर्षांची होते. खरं बोललं की सगळं ठीक होतं, असं तेव्हा वाटायचं.

त्यानंतर बरीच वर्षं त्यांची गाठ पडली नाही. मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. दादा एसटीत कुठंतरी लागले, एवढं कानावर आलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षणासाठी मी दर्यापूर भागात गेले होते. परतीच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर उभी होते, तर कर्ण्यातून आवाज आला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं..." पूर्णविराम न खाता, सगळी गावं एकाच सुरात, स्पष्ट. मी चौकशीच्या खिडकीपाशी गेले. आत माइकसमोर ते बसले होते. केस पिकले होते. शर्टाला कडक इस्त्री होती.

"दादा," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "रेवती नं वं?"

ते आनंदले, खरोखर आनंदले. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझा हात धरला. नंदावहिनींचं, मुलीचं सांगितलं. मुलगी बारावीला होती. मला विचारलं, "तू काय करतेस?"

"शाळेवर आहे. सहावी-सातवीला. भूगोल शिकवते."

"वा!" ते म्हणाले. "पोरांले नकाशे पुस्तकात दाखवू नको. मातीत काढायले लाव. बोटानं. बोटाले आठवते." आणि मग, मनापासून, "लई चांगलं झालं बाई."

शेजारी वाहतूक नियंत्रक नोंदी करत बसले होते. बाहेर एक गाडी वळून आत येत होती. दादांनी माइककडे हात नेला, पण बटण दाबायच्या आधी त्यांनी मान त्यांच्याकडे वळवली. "भाऊसाहेब, अकोला दोन नंबरलेच नं?"

"दोनलाच, तायडे."

दादांनी घोषणा केली. थोड्या वेळानं दुसरी गाडी आली. "परतवाडा चारलेच नं, भाऊसाहेब?"

"चारलाच."

नियंत्रक माझ्याकडे पाहून कौतुकानं हसले. "अख्खं वेळापत्रक पाठ आहे यांचं, मॅडम. आठ वर्षांत एकदाही चुकले नाहीत. तरी दर गाडीला विचारतात. मी चहाला गेलो ना, तर गाडी लागून निघून जाईल, पण हे घोषणा करायचे नाहीत."

"विचारलेलं बरं असते," दादा म्हणाले.

माझी अमरावतीची गाडी एक नंबरला येऊन लागली होती. लोक चढत होते, खिडकीतून जागेवर रुमाल टाकत होते. मला ती समोर दिसत होती. तरी दादांनी विचारून, खात्री करून, माइकवर सांगेपर्यंत मी त्या खिडकीशीच उभी राहिले.